कवायतीतली मोळी

"हात डोक्यावर," सरांनी माइकवरून हुकूम सोडला आणि शिट्टी मारली. सगळ्या रांगेने डोक्यावर हात ठेवले. मी मात्र गुडघ्यात वाकले, मान ताठ केली, नसलेली मोळी दोन्ही हातांनी धरली आणि कण्हत उभी राहिले.

मैदान हसलं. पंधरा ऑगस्टचं भरलेलं मैदान. सर माइकवरच म्हणाले, "ए बाई, ही कवायत आहे, उसाचा फड नाही." मग खुर्च्यांवरचे पाहुणेही हसले.

कुंपणाजवळ माझी आई उभी होती. तीही हसली. पदर तोंडाला लावून.

मी सातवीत होते. आमचं गाव पाथर्डीकडचं, कोरडवाहू. दिवाळी झाली की आईबापामागे मी ऊसतोडीला जायचे. आई तोडायची, बाप बांधायचा, आणि मी लहान मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. शाळा पुन्हा दिसायची ती उन्हाळा संपल्यावर.

पी.टी.चा तास लागला की सर तोडणीवाल्यांच्या पोरांना बाजूला काढायचे. "तुमचा व्यायाम उसात होतोच की. तुम्ही खडे वेचा." आम्ही खडे वेचायचो, पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढायचो. त्या रेघांवर बागायतदारांची पोरं पांढरे बूट घालून उभी राहायची. सांगायला लाज वाटते, पण सरांचं म्हणणं मला पटायचं. उलट थोडा तोराच वाटायचा. आपल्याला शिकायची गरज नाही म्हणून.

त्या दिवशी रांगेतली एक मुलगी तापाने आली नाही. पाहुण्यांपुढे रांग तुटकी दिसू नये म्हणून सरांनी मला तिच्या जागी ढकललं. मी ओढलेल्या रेघेवर मी पहिल्यांदाच उभी राहिले. शेजारणीचं बघून सुरुवातीचे हुकूम कसेबसे निभावले. मग डोक्यावर हात आले, आणि अंग माझं ऐकेना. डोक्यावर हात म्हणजे मोळी. अंगाला दुसरं काही शिकवलंच नव्हतं कुणी.

घरी आईला विचारलं, का हसलीस. तिने चुलीत फुंकर घातली. मग म्हणाली, "हसले नसते तर समद्यांना कळलं असतं, माझीच पोर हाय म्हून."

तिला माझी लाज वाटली होती. मला तिची वाटली. ज्याने हसवलं त्याला मात्र काहीच वाटलं नव्हतं. हे कळलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला.

पुढच्या तासाला सरांनी फक्कीचं घमेलं पुढे केलं. मी घेतलं नाही. रेघेवर जाऊन उभी राहिले. 

"तुला वेगळं सांगायचं का? तुझा व्यायाम होतो."

"ते काम हाय, सर. ह्यो व्यायाम मला येत न्हाई. शिकवा."

त्यांनी शिकवलं नाही. तास संपेपर्यंत हात वर करून उन्हात उभं केलं. खांदे भरून आले. पण घमेल्याला मी पुन्हा हात लावला नाही.

आता मी नगरात राहते. मानेचं दुखणं घेऊन डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "ताई, थोडा व्यायाम करत जा." मला हसू आलं. पदर तोंडाला लावून हसले, आईसारखीच. घरी येईपर्यंत त्या हसण्याची लाज वाटत राहिली.

काल माझी मुलगी शाळेतून खूश होऊन आली. कवायतीत तिला पुढची रांग मिळाली होती. मैदान कुणी झाडलं, मी विचारलं. "ती वीटभट्टीवरची पोरं आहेत ना, ती. सर म्हणतात, त्यांना सवय असते." तिने ते इतकं सहज सांगितलं की माझी मान खाली गेली.

उद्या मी तिच्याबरोबर शाळेत जाणार आहे. ती पोरं झाडू ठेवून रांगेत उभी राहीपर्यंत माझी मुलगी रेघेवर पाय ठेवणार नाही. तिला हे आज रात्रीच सांगितलंय. ती रडली. रडू दे. आणि उद्या मैदान हसलं, तर मी पदर तोंडाला लावणार नाही.