एकच्या जागी एल

"शून्य!" सर ओरडले. "पोरांच्या वयांची बेरीज शून्य! अगं, ही पोरं जन्माला तरी आलीत का?"

वर्ग खदाखदा हसला. पडद्यावर माझा प्रोग्राम होता. शाळेतल्या पोरांच्या वयांची यादी. अकरा, बारा, तेरा. वयं आधी मजकूर म्हणून भरायची, मग यंत्राकडून त्यांचे आकडे करून घ्यायचे आणि बेरीज काढायची. माझी बेरीज शून्य आली होती. का, ते मला कळत नव्हतं.

सर वाकून बघतील, चूक दाखवतील असं वाटलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही.

"राखीव जागेवर आलं की असंच होणार. यंत्राला जात सांगावी लागत नाही, आपोआप कळते." परत हशा. "जा, बाहेर चपलांपाशी बस. काल एक जोड चोरीला गेलाय. चपलांचं तुमच्या घरात चांगलं कळतं."

संगणकाच्या खोलीत धूळ चालायची नाही, म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. ऐंशीच्या दशकातल्या कोल्हापुरात ती थंडगार खोली म्हणजे देवघरच. माझे आबा उचगावात चपला बांधायचे. त्यांच्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटते ती मी उठले याची. उठले आणि मुकाट बाहेर जाऊन बसले. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

दार नीट लागायचं नाही. आतलं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं आणखी एकाची बेरीज शून्य आली. सरांच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा मुलगा. आता त्याला काय म्हणतात म्हणून मी कान दिला.

"टायपिंग झालंय ना तुझं?" सर हसत होते. "टाइपरायटरवर एकचं बटण नसतं, आपण एल दाबतो. इथं तसं चालत नाही, राजा. एल हे अक्षर. त्याचा आकडा होत नाही, म्हणून शून्य. वरच्या ओळीतला एक दाब."

एवढंच? टायपिंग माझंही झालं होतं. माझ्याही बोटांना तीच खोड. चूक तीच, शून्य तेच. त्याचं शून्य सवयीचं आणि माझं जातीचं? तो राजा आणि मी चपला राखणारी?

मी उठले. आत गेले. माझ्या खुर्चीत बसले.

"तुला कुणी बोलावलं? ऊठ."

"उठणार न्हाय."

"काय म्हणालीस?"

रागात घरची बोली तोंडात आली. आमच्याकडं बायकाही 'आलो'च म्हणतात. "मी शिकाय आलोय, सर. चपला राखाय न्हाय. त्याला सांगितलं त्ये मला का न्हाय सांगितलं? त्याची बी बेरीज शून्यच हुती की!"

सरांचा चेहरा लालबुंद झाला.

"नाव कमी करीन तुझं!"

"करा. पर कशापायी केलं त्ये बी लिवा."

मी हात बटणांवर ठेवले आणि एल खोडून एक घालत सुटले. मदतीला कुणी आलं नाही. डॉक्टरांचा मुलगा मान खाली घालून बसला होता. सर दाराकडे बोट दाखवून उभेच.

नाव कमी करतील, करोत. दुसरीकडे शिकेन. चूक माझी होती, ती मी दुरुस्त करीन. हजारदा चुकेन, हजारदा दुरुस्त करीन. पण माझ्या चुकीला माझी जात चिकटवणाऱ्याला तिथल्या तिथं जाब विचारीन, भर वर्गात विचारीन. आणि कुणी नुसतं 'ऊठ' म्हणालं म्हणून यापुढे उठणार नाही.