अण्णाच्या गाडीतले दोन काटे

हिंदुरावांचा फोन आला तेव्हा मी गडहिंग्लजला घराच्या गच्चीवर शेंगा वाळत घालत होते. फोनवर हिंदुराव नेहमी इतक्या मोठ्यानं बोलतात की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज नीट ऐकू येईना. "ताई, कुठं हाय तुम्ही? आधी बसा," म्हणाले. मी शेंगांच्या कडेलाच बसले. "अण्णा गेला... दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. मी समोरच होतो. चहा सांगितलाता आम्ही." खालून कुणीतरी हाक मारली, तेव्हा मी उठले.

धनपाल हा माझा थोरला भाऊ. आमच्या भागात कन्नडची सरमिसळ असल्यानं मी त्याला अण्णा म्हणायची आणि तो मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. वडिलांचं भुसारी दुकान होतं आणि अण्णानं तिथं बसावं अशी सगळ्यांची इच्छा होती. तो कोल्हापूरला डिप्लोमा करायला गेला आणि तिथलाच झाला. जोतिबाच्या पायथ्याच्या एका गावातले, शेतकऱ्याच्या घरचे हिंदुराव त्याच्याच वर्गात होते. पुढं शाहूपुरीत एकाच गल्लीत अण्णानं लोखंड कातायच्या लेथचं दुकान टाकलं आणि हिंदुरावांनी गॅरेज. दोघांच्या बायका म्हणायच्या, यांना रविवार घरी काढायला सांगितलं तर आजारी पडतील. ते खरंच होतं. रविवारी दोन्ही दुकानं बंद असायची, पण अण्णाच्या दुकानामागच्या शेडमध्ये आमच्या वडिलांच्या जुन्या गाडीखाली दोघांचे पाय दिसायचे.

त्या गाडीची एक गोष्ट होती. वडिलांची जोतिबावर श्रद्धा होती. आम्हाला गाडीत भरून ते वर्षातून एकदा तरी डोंगरावर निघायचे, आणि ती गाडी एकदाही एका दमात वर पोचली नाही. अर्ध्या घाटात पाणी उकळायचं, वडील बाजूला थांबायचे, आई डबा उघडायची आणि आम्ही दरीकडं तोंड करून दशम्या खायचो. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा अण्णानं फक्त गाडी मागितली. जुनं इंजिन काढून त्याजागी दुसऱ्या गाडीचं दणकट इंजिन बसवायचं आणि एकदा तरी न थांबता जोतिबाला जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पाण्याचा त्रास नव्या इंजिननं संपणार होता; त्याची बेअरिंग हिंदुरावांनी स्वतः बसवली. पण चढाला जोर लावला की तेल किती तापतं ते कळायला हवं, म्हणून तेलाच्या तापमानाचा सेन्सर आणला, आणि तो कुठं बसवायचा यावरून दोघांची जुंपली.

इंजिनच्या तळाला तेल साठवणारं जे पसरट भांडं असतं, त्याला हे लोक चेंबर म्हणतात. अण्णाचं म्हणणं, सेन्सर चेंबरलाच हवा. सगळं इंजिन फिरून तापलेलं तेल शेवटी तिथंच येतं, मग खरा आकडा तिथंच मिळणार. तळाला लावला तर स्पीडब्रेकरला घासेल, म्हणून त्यानं जागा काढली ती चेंबरच्या पुढच्या अंगाला, जरा वर. हिंदुराव म्हणत, तो ऑइल फिल्टरपाशी लावू. "तेल तिथनं सारखं वाहतंय अण्णा. गाडी चढू दे न्हायतर उतरू दे, सेन्सर तेलातच राहणार."

"आणि चेंबरमध्ये काय, पाणी हाय?" अण्णा म्हणाला.

"तेल हाय की. पर ते हलतंय."

मी शाळेत शिकवते; तेव्हा सुट्टीत अण्णाकडं आले होते. दोघं मला मध्ये घेऊन समजावून सांगायचे, मी कौल द्यावा म्हणून. मला दोघांचंही पटायचं. शेवटी गाडी अण्णाची, म्हणून अण्णाचं चाललं. चेंबरला भोक पाडून नट वेल्ड केला आणि सेन्सर तिथं बसला.

पहिल्या फेरीला मी अण्णाच्या शेजारी बसले होते आणि हिंदुराव मागं. तेलाचा दाब गेला तर लागणारा लाल दिवा अजून जोडायचा राहिला होता. पुढच्या रविवारी बघू, असं ठरलं होतं. अण्णाचं लक्ष रस्त्यावर राहावं म्हणून समोरचा तेलाच्या तापमानाचा काटा वाचायचं काम माझ्याकडं होतं. नव्वद, शंभर, एकशे दहा... मी वाचत होते. जिथं आम्ही दशम्या खायचो ती जागा मागं पडली, तेव्हा अण्णानं नुसता आरशात बघून हिंदुरावांना हात केला. पुढं शेवटच्या उभ्या चढाला काटा खाली यायला लागला. मला आनंदच झाला. "अण्णा, उतरलं बघ," मी म्हणाले. तेवढ्यात इंजिनमधून लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि ते जागेवर जाम झालं.

अण्णानं क्लच दाबला आणि गाडी मागं सरकायला लागली. इंजिन बंद पडल्यामुळं ब्रेक दगडासारखा घट्ट झाला होता, हँडब्रेक ओढला तरी चाकं थांबेनात. मागं भाविकांची जीप होती आणि डाव्या हाताला दरी. हिंदुरावांनी दार उघडून उडी टाकली, कडेचा दगड उचलला आणि चाकाखाली सारला. गाडी थांबली, पण त्यांची दोन बोटं दगड आणि चाकाच्या मध्ये सापडली. जीपमधला माणूस धावत आला, "पावणं, गाडी हलवू नका, धरा," म्हणाला आणि सगळ्यांनी मिळून गाडी उचलून धरली आणि हात बाहेर काढला. मी ओढणी फाडून त्यांच्या हाताला बांधत होते. गुलालानं माखलेली माणसं भोवती उभी होती. आणि अण्णा, पांढराफटक पडलेला अण्णा, त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "तेल तापलं नव्हतं. काटा बघितलाय तंगीनं. बेअरिंग नीट बसवली असतीस तर हे झालंच नसतं."

हिंदुरावांनी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि ते त्याच जीपमध्ये बसून दवाखान्यात गेले.

त्यानंतर कित्येक वर्षं दोघं बोलले नाहीत. गल्ली तीच होती, चहाची टपरी एकच होती. एक आलेला दिसला की दुसरा निघून जायचा. हिंदुरावांची ती दोन बोटं पुन्हा नीट वळली नाहीत. गाडी ताडपत्रीखाली गेली. मी दोघांकडंही जात होते. हिंदुराव माझी विचारपूस करायचे, अण्णाचं नाव काढायचे नाहीत. अण्णाकडं त्यांचं नाव काढलं की तो लेथ चालू करायचा. वहिनी म्हणायची, हा माणूस रविवारी घरात असतो, पण घरात नसतो.

मग एकदा अण्णा गडहिंग्लजला आमच्याकडं आला होता. चहा पिताना माझ्या मिस्टरांना तो घाटातली गोष्ट सांगत होता. "तेलाचा काही दोष नव्हता. काटा एकशे दहाच्या वर गेलाच नाही."

"वर गेला नाही, पण खाली आला होता," मी म्हणाले. "मी सांगितलं होतं की तुला. उतरलं बघ म्हणून."

अण्णानं कप खाली ठेवला. "खाली आला होता? चढाला?"

"व्हय. इंजिन बंद पडायच्या जरा आधी."

तो उठून उभा राहिला. मग जेवायलाही न थांबता एसटीनं परत गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, जमलं तर ये म्हणून. मी गेले तर त्यानं चेंबर खोलून शेडमध्ये मांडलं होतं, घाटाच्या चढासारखं तिरकं, पुढच्या बाजूला लाकडाचे ठोकळे लावून. त्यात तेल ओतलं होतं. सगळं तेल मागं गोळा झालं होतं आणि सेन्सरचं भोक चक्क कोरडं होतं. तेल ओढून घेणारी नळी जिथं येते ती जागाही कोरडी. "तंगी, सेन्सर तेल मोजतच नव्हता. हवा मोजत होता," अण्णा म्हणाला. "इंजिनला तेल मिळत नव्हतं आणि मी..." त्यानं चेंबरमधलं तेल ओतून टाकलं.

ते रिकामं केलेलं चेंबर दोन्ही हातांत धरून तो गल्लीतून हिंदुरावांच्या गॅरेजकडं चालत गेला. मी मागं होते. हिंदुराव एका गाडीच्या बॉनेटमध्ये वाकले होते. अण्णानं चेंबर त्यांच्या टेबलावर ठेवलं, तिरकं केलं आणि भोकावर बोट ठेवलं. "तू म्हणालतास, ते हलतंय. बेअरिंगचा काही दोष नव्हता. आणि त्या दिवशी तुझ्या हाताकडं बघायचं सोडून मी जे बोललो, ते बोलायला नको होतं."

हिंदुरावांनी त्या भोकात बोट घालून बघितलं. मग हात पुसत म्हणाले, "लाल दिवा जोडायचा राहू दे, असं मीच म्हणालतो अण्णा. तो असता तर आधीच कळलं असतं." त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "बस. चहा सांगतो."

अण्णा स्टुलावर बसला आणि त्यानं तोंड फिरवून घेतलं. हिंदुरावांनी न वळणारी ती बोटं त्याच्या खांद्यावर ठेवली. मी बाहेर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं आतून आवाज वाढला म्हणून घाबरून डोकावले, तर दोघं सेन्सर कुठं लावायचा यावरून पुन्हा भांडत होते.

शेवटी दोन सेन्सर बसले. एक फिल्टरपाशी, एक चेंबरला, पण या वेळी मागच्या बाजूला आणि खाली. चेंबरमध्ये तेल हलू नये म्हणून आडवे पत्रे लावले आणि लाल दिवा सगळ्यात आधी जोडला. समोर दोन काटे आले. ते कधी म्हणून एकसारखा आकडा दाखवायचे नाहीत, आणि आपलाच काटा खरा असं दोघंही शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्या चैत्रात आम्ही जोतिबाला न थांबता पोचलो. वर गेल्यावर अण्णानं गाडी बंद केली, उतरून देवळाकडं न जाता आधी मागं वळून घाटाकडं बघितलं आणि म्हणाला, "बाबा असते तर म्हणाले असते, मग दशम्या कुठं खायच्या?" आम्ही तिथंच, गाडीला टेकून डबा उघडला.

आता अण्णाला जाऊन महिना उलटून गेला. गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून हिंदुराव रविवारी येऊन ती चालू करतात. गेल्या रविवारी मी वहिनीकडं होते, तर त्यांच्याबरोबर गाडीत जाऊन बसले. अण्णाला एक सवय होती. इंजिनचं पाणी लवकर गरम होतं, तेलाला वेळ लागतो. तेल कोमट झाल्याशिवाय तो गाडी हलवायचा नाही. कितीही घाई असो, शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसून राहायचा. एरवी फार न बोलणारा अण्णा तेवढ्या वेळात बोलायचा. माझं सासरी कसं चाललंय, शाळेत कोण त्रास देतं का, तब्येत दाखवलीस का, हे सगळं त्यानं मला त्या सीटवरच विचारलेलं आहे.

हिंदुरावांनी इंजिन चालू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. दोन्ही काटे अजून खालीच होते.

"ताई, तो असता तर आत्ता काय बोलला असता?" त्यांनी विचारलं.

"मला विचारलं असतं, तंगी, तुझं कसं चाललंय..."

"मग सांगा की," हिंदुराव म्हणाले. "अजून तेल गार हाय."

मग मी सांगायला लागले.