मयत असल्याचे समजते

ते प्रकरण आजही आठवलं की घास गोड लागत नाही. पोलीस दफ्तराच्या भाषेत त्यात गुन्हाच नव्हता. खून नाही, चोरी नाही, साधा अदखलपात्रसुद्धा नाही. निवृत्त अधिकारी आपल्या फत्तेच्याच गोष्टी सांगत बसतात असं लोक म्हणतात आणि ते काही खोटं नाही, म्हणून ही दुसरी गोष्ट सांगतो. नावं कुणाचीच देणार नाही.

मी तेव्हा पेडणे ठाण्यात निरीक्षक होतो. याच ठाण्यात पूर्वी उपनिरीक्षक म्हणून काही वर्षं काढली होती. मग बदल्या झाल्या, बढती मिळाली आणि फिरून पुन्हा इथेच आलो. एका सोमवारी हजेरी संपून शिपाई बीटवर निघत होते, तेव्हा एक बाई आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, डिचोली तालुक्यातल्या मराठी शाळेत शिक्षिका. माहेर आमच्या हद्दीतलं, चोपड्याजवळचं. ठाण्यात येणारं माणूस बहुतेक वेळा आधी रडतं, नाहीतर आवाज चढवतं. या बाई खुर्चीत नीट बसल्या, पर्समधून एक आंतर्देशीय पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

आत तीन ओळी होत्या, खाली सही नव्हती. तुमची आई नदीत बुडाली नाही. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवली होती. थोरल्या काकांना विचारा.

बाई पाच वर्षांच्या असताना त्यांची आई नाहीशी झाली होती. फेरीबोटीच्या धक्क्याजवळ चपला सापडल्या, आई नदीत गेली, असं घरच्यांनी सांगितलं. वडील खाणीवर ट्रक चालवायचे, तेही पुढे अपघातात गेले. मुलीला वाढवलं थोरल्या काकांनी. शिकवलं, नोकरीला लावलं, कन्यादानही त्यांनीच केलं. त्यामुळे पत्र घेऊन काकांकडे जायचा त्यांना धीर होईना.

"ती जिवंत आहे का, एवढंच मला सांगा," त्या म्हणाल्या. "बाकी कुणाला शिक्षा वगैरे मला नको."

मी आधी आमचीच जुनी दप्तरं काढली. आकस्मिक मृत्यूची वही, बेपत्ता व्यक्तींची नोंद, त्या वर्षाची स्टेशन डायरी. धूळ खाऊन दोन शिपाई शिंकत बसले. कुठेच काही नव्हतं. आमच्याकडे नदीत माणूस गेला तर होडीवाला येतो, फेरीवरचा खलाशी येतो, निदान गावचा कोणीतरी येऊन सांगतोच. चपला सापडल्या आणि ठाण्याला कळवावंसं एकालाही वाटलं नाही, हे मला पटेना. बुडालेल्या बाईला शोधायलाही कोणी पाण्यात उतरलं नव्हतं.

मग मी पत्राकडे पुन्हा पाहिलं. मजकूर सोडून पत्ता वाचला. बाईंचं सासरचं नाव, वाडा, गाव, पोस्ट, तालुका, खाली रेघ मारून पिन कोड, आणि सहाही आकडे बरोबर. त्या काळात गावातला कोण शहाणा पिन कोड लिहायचा? पत्र टाकणाऱ्याचं अख्खं आयुष्य टपालात गेलेलं होतं.

काकांच्या गावचा निवृत्त पोस्टमन घरीच सापडला. अंगणात सुपाऱ्या सोलत होता. मला गणवेशात बघून त्याने सुपारीचं सूप बाजूला सरकवलं, जणू मी येणार हे त्याला ठाऊकच होतं. त्याने कबूल करायला पाच मिनिटंही घेतली नाहीत.

"सायब, मी कोणाचा टपाल फोडूक नाय," तो म्हणाला. "पण पाकिटावरचो शिक्को दिसता मरे."

दरवर्षी गणपतीच्या चवथीच्या आधी इस्पितळाचा शिक्का असलेलं पाकीट काकांच्या नावावर यायचं. तो ते काकांच्या हातात द्यायचा आणि काका न फोडता खिशात घालायचे. त्या घरातून नाहीसं झालेलं माणूस एकच, म्हणून त्याने काय ते ओळखलं होतं. वीस-बावीस वर्षं हे चाललं. पुढे पाकीट यायचं बंद झालं, तो निवृत्त झाला, आणि ते इस्पितळ जुन्या इमारतीतून हलवलं हे त्याने पेपरात वाचलं. तेव्हापासून त्याच्या डोक्याला भुंगा लागला होता. इतकी वर्षं गप्प का राहिलास, असं मी जरा दरडावूनच विचारलं. पोस्टमनने बोलायचं नसतं, असं तो म्हणाला. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता.

म्हाताऱ्या माणसाला मी शक्यतो ठाण्यात बोलावत नाही. ठाण्यात माणूस एक तर घाबरून काहीही कबूल करतो, नाहीतर हट्टाला पेटतो. काकांच्या घरी गेलो, ओसरीवर बसलो, चहा घेतला. पंचाहत्तरी उलटलेले, देवळाचे मानकरी, गावात शब्दाला किंमत. आधी त्यांनी नदीचीच गोष्ट सांगितली. चपलांचा रंगसुद्धा सांगितला. मी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की दरवर्षीची ती पाकिटं कुठे ठेवलीत?

काकांनी कपबशी खाली ठेवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसरं मूल जन्मतःच गेलं, त्यानंतर भावजय जेवीना, झोपेना, उठून नदीकडे चालू लागायची. भूत उतरवणारा घाडी झाला, देवाचा कौल झाला. शेवटी दोघा भावांनी तिला इस्पितळात नेऊन ठेवलं आणि गावात नदीचं नाव सांगितलं. चपला काकांनीच नेऊन टाकल्या होत्या.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण मुलगी लग्नाची झाली. आई बुडाली खरी, पण प्रेत मिळालं नाही, क्रिया झाली नाही, असं म्हणून स्थळं मागे फिरू लागली. बारा वर्षं माणूस सापडला नाही की आमच्याकडे पालाशविधी करतात. दर्भ आणि पळसाची पानं बांधून माणसाची आकृती करायची आणि तिलाच अग्नी द्यायचा. काकांनी भटजी बोलावून तो केला. दहा दिवस सुतक पाळलं. मुलीने आपल्या हाताने आईच्या नावाने तिळाचं पाणी सोडलं. आणि त्याच वर्षी चवथीच्या आधी, नेहमीप्रमाणे, इस्पितळाचं पाकीट आलं.

"येड्या आवशीचा चेडू कोण करतलो, सायब?" काका म्हणाले. "आणि एकदा आग दिल्यार तिका घरात कशी हाडतलंय?"

वेड्या आईची मुलगी कोण करून घेणार, आणि अग्नी दिलेल्या बाईला घरात कशी आणणार! खरं सांगतो, त्या माणसाचा मला राग आला आणि कीवही आली. त्याने जे केलं ते त्या मुलीसाठीच केलं होतं, आणि तिचं सर्वस्व घेऊन केलं होतं. मी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, सही घेतली आणि निघालो.

त्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत तेव्हा फक्त एक रखवालदार आणि एका खोलीत रचलेली कागदपत्रं उरली होती. परवानगी घेऊन दोन दिवस शोधलं, तेव्हा फाईल मिळाली. बाई माझ्यासोबत होत्या. त्यांना बाहेर बसायला सांगितलं तर ऐकेनात. दाखल करून दोन वर्षं झाल्यावरची नोंद होती: प्रकृती सुधारली, घरी पाठवण्यास योग्य, नातेवाइकांना कळवले. पुढच्या वर्षी तीच नोंद. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. अक्षर बदलत गेलं, डॉक्टर बदलत गेले, वाक्य तेच राहिलं. शेवटच्या पानावर हृदयविकाराने मृत्यू, आणि सरकारी खर्चाने अंत्यसंस्कार. बाईंच्या हातात ते निनावी पत्र पडायच्या अडीच वर्षं आधी. बाईंनी ते पान वाचलं आणि मला प्यायला पाणी मिळेल का असं विचारलं.

रखवालदाराने तिथल्या एका जुन्या आयाचा पत्ता दिला. तिला बाईंची आई चांगली आठवत होती. स्वयंपाकघरात तांदूळ निवडायची, बायकांच्या वेण्या घालायची, कुणाला त्रास नाही. चवथीला बऱ्याच जणींना घरचे न्यायला येत, म्हणून इस्पितळ त्याआधी पत्रं धाडायचं. पत्र गेल्याचं कळलं की ही आपलं बोचकं बांधून व्हरांड्यात ठेवायची. गणपती पोचवून झाले की बोचकं सोडून पुन्हा कामाला लागायची. मुलगी शाळेत जाते की नाही, एवढंच काय ते नव्या डॉक्टरला विचारायची. आया हे सांगत असताना बाई पदराने तोंड झाकून रडल्या आणि मी पुरुष असून माझेही डोळे भरून आले.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण फाईलमधला एक कागद मी अजून वाचला नव्हता. ठाण्यात नकला करायला बसलो तेव्हा तो हाती आला. इस्पितळाने घरी पत्रं लिहून थकल्यावर, मृत्यूच्या दोन वर्षं आधी, सरळ पेडणे पोलीस ठाण्याला लिहिलं होतं: रुग्ण पूर्ण बरी आहे, नातेवाइकांचा शोध घ्यावा. त्याला टाचून ठाण्याचं उत्तर होतं. 'हवालदारामार्फत चौकशी केली असता सदर नावाची स्त्री फार पूर्वी मयत असल्याचे समजते. तिचे क्रियाकर्म झाल्याचे भटजींनीही सांगितले. अन्य वारस मिळून आला नाही.' खाली उपनिरीक्षकाची सही. माझी.

जी बाई जिवंत आहे म्हणून इस्पितळ लिहितं, ती मेली असं मी त्याच इस्पितळाला कळवलं होतं. हवालदार काकांच्या घरी गेला, काकांनी सांगितलं, भटजीने मान डोलावली, आणि टपालाच्या गठ्ठ्यात मी सही ठोकली. किती आठवायचा प्रयत्न केला, तो दिवसच आठवत नाही. त्या दिवशी मुलगी दीड तासाच्या अंतरावर वर्गात शिकवत होती.

तो कागद काढून ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. तसा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"साहेब, सही करताना तुम्ही हे वाचलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

मग त्या सांगू लागल्या की सकाळी त्या भटजींकडे जाऊन आल्या होत्या. आईची क्रिया आता तरी खरी करता येईल का, असं विचारायला. एकदा झालेली क्रिया पुन्हा होत नाही, असं ते म्हणाले. तिळाचं पाणी ज्या दिवशी सोडलं, त्या दिवशी आई तांदूळ निवडत होती, आणि आता सोडायचं तर सोडता येत नाही.

मी त्यांना तक्रार द्या म्हणालो, काकांविरुद्ध आणि हवी तर माझ्याविरुद्धही. त्यांनी नकारार्थी मान हलवली. कागद माझ्याकडे परत सरकवला.

"याचं उत्तर परत लिहा. बरोबर लिहा."

इस्पितळ हललं होतं, रुग्ण उरली नव्हती, त्या उत्तराची वाट कुणीच बघत नव्हतं. तरी मी कोरा कागद घेतला. लेखनिकाला बोलावलं नाही, स्वतःच्या हाताने लिहिलं. बाई समोर बसून प्रत्येक शब्द बघत होत्या. आवक-जावक वहीत जावक क्रमांक घातला, ठाण्याचा शिक्का मारला आणि एक प्रत त्यांना दिली. नोकरीत कागद पुष्कळ लिहिले. त्यानंतर न वाचता एकावरही सही केली नाही, पण त्याचं मला कौतुक वाटत नाही, कारण ज्यावर करायची नव्हती ती करून झाली होती. त्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: 'आपल्या पत्राच्या उत्तरी कळविण्यात येते की, सदर महिलेस एक मुलगी आहे. ती शिक्षिका आहे. ती आईला नेण्यास येत आहे.'