सायगावचा पाठ आणि आमच्या बाई

सहावीत बाईंनी मला पहिल्या बाकावरून उठवलं. संस्थेच्या सचिवांची नात वर्गात आली होती, तिला जागा हवी होती. "तुमच्या वस्तीतल्या मुलींना पुढे बसून काय दिवे लावायचेत?" असं भर वर्गात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले, हात जोडून उभे राहिले आणि तसेच परत गेले. बाईंना मी त्याबद्दल माफ केलेलं नाही. राग लोणच्यासारखा मुरू दिला.

गेल्या वर्षी मी नाशिकमधल्याच दुसऱ्या शाळेत दहावीला इतिहास शिकवत होते, कंत्राटावर. कायम व्हायचं तर बाहेरच्या तज्ज्ञांसमोर एक पाठ द्यायचा होता. तज्ज्ञ म्हणून नाव आलं ते याच बाईंचं. निवृत्तीनंतर त्या शाळाशाळांतून पाठ तपासत फिरतात. मला चक्क आनंद झाला. पाठ निवडायची मुभा होती. मी व्हिएतनाम निवडला.

फ्रेंचांच्या राज्यात सायगावच्या एका शाळेत पुढे बसलेल्या व्हिएतनामी मुलीला मागे जायला सांगितलं, कारण फ्रेंच मुलीला तिथे बसायचं होतं. ती हलली नाही. तिला काढून टाकलं, तिची बाजू घेणाऱ्यांनाही काढलं. मग लोक रस्त्यावर उतरले आणि मुलींना परत घ्यायला सरकारला शाळेला भाग पाडावं लागलं. हे सगळं बाईंच्या डोळ्यांत बघून सांगायचं, असा माझा बेत. आठवडाभर आरशासमोर तालीम केली.

निरीक्षकांनी शेवटच्या बाकावर बसायचं, ही सगळ्या शाळांतली रीत. पण मुख्याध्यापक पाहुण्या म्हणून बाईंना पुढे घेऊन आले. पहिल्या बाकावर मखमलाबादहून सायकलने येणारी एक मुलगी होती, भाजीवाल्यांच्या घरची. बाईंनी बोट हलवलं. "तू जा गं मागे."

मुलगी वह्या गोळा करू लागली. माझी तालीम तिथेच संपली.

"बस खाली," मी तिला म्हणाले. "बाई, निरीक्षकांची जागा मागे असते. ही जागा तिची आहे."

"अहो मॅडम, काय हे!" मुख्याध्यापक पुटपुटले.

"ती उठली तर मी पाठ देणार नाही, सर."

माझी नोकरी बाईंच्या हातातल्या कागदावर होती.

बाई मागे गेल्या, पर्स छातीशी धरून, सगळ्या वर्गासमोरून. त्या बसेपर्यंत मी मुद्दाम खडू उचलला नाही. मग सायगावपासून सुरुवात केली आणि काही गाळलं नाही.

तास संपल्यावर त्यांनी मला निरखून पाहिलं. "चेहरा ओळखीचा वाटतो. माझ्या हाताखाली शिकलीस का गं?"

"नाही बाई. तुमच्याकडून मी काहीच शिकले नाही."

त्यांनी माझ्यासमोरच शेरा लिहिला: कायम करू नये. खाली शिक्षकाची सही लागते. मी केली. फार सुरेख आली.