एमॉसची घोडी

केझीचा बाप जोनस एकाहत्तराव्या वर्षी मेला, तोही सफरचंदाच्या झाडावरून पडून. जेवणाचे काटे घासणाऱ्यांच्या गल्लीत हे कुणाला सांगितलं की लोक फिदीफिदी हसायचे. एकाहत्तर! काहीही फेकते ही बाई!

पण खरंच होतं ते. रिव्हलिन नदीच्या काठी जोनस पाण्याच्या चाकावर सुऱ्यांना धार लावायचा. दगड ओला, छपराला भोकं, वारा आरपार. उन्हाळ्यात नदी आटली की चाक बंद, मग विळा घेऊन गवत कापायला जायचं. त्याच्या आज्याच्या वेळी तर इंग्लंडातलं हे शेफील्ड म्हणजे एक चर्च, एक पडका किल्ला आणि चारदोन लोहारांच्या भट्ट्या. मग वाफेचं इंजिन आलं. नदी आटते, इंजिन आटत नाही. टेकड्यांवर विटांच्या रांगा चढल्या, गावं गिळली गेली, धुतलेले कपडे दोरीवरच काळे व्हायला लागले. आणि जेवणाचे काटे घासायचे कोरड्या दगडावर, बंद खोलीत, बारा तास.

केझीचा नवरा एमॉस ब्रूमहेड काटे घासायचा. लाकडी घोडीवर टांग टाकून बसायचं, समोर दगड गरगरतोय, आणि दगडाची नि पोलादाची धूळ सरळ तोंडात. त्याला ती घोडी मिळाली कारण त्याचा काका एकोणतिसाव्या वर्षी मेला. घोड्या मोजक्याच होत्या. एक जण मेल्याशिवाय दुसऱ्याला बसायला मिळायचं नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि केझीला त्याच्या रुमालात राखाडी थुंकी दिसली. एमॉस अठ्ठावीस वर्षांचा होता. रात्री आडवं झालं की गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायचा. केझीचा जीव तीळतीळ तुटायचा. तिला दुसरं काही नको होतं, फक्त हा माणूस जगायला हवा होता.

त्याच सुमारास गल्लीत एक डॉक्टर यायचा. त्यानं एक चित्र दिलं. दगडाच्या मागे लाकडी नळी, नळीत पंखा, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा, धूळ ओढून खिडकीबाहेर टाकणारा. केझी ते चित्र घेऊन धावतच कारखान्यात गेली.

टर्टन म्हातारा तिथला पुढारी. म्हातारा म्हणजे वय वर्षं छत्तीस, पण तिथे त्याहून मोठं कुणी उरलंच नव्हतं.

"अगं बाई," टर्टन म्हणाला, "आम्ही एवढे पटापट मरतो तरी घोड्यांपेक्षा माणसं जास्त. उद्या सगळेच जगले तर खायचं काय? एकमेकांना?"

"आधी टर्टनला खाऊ!" मागून कुणीतरी ओरडलं.

"त्याच्यात काय आहे? नुसती धूळ!"

सगळे हसले. हसता हसता सगळे खोकायला लागले. आणि एमॉसही हसत होता! तेच तिच्या मनाला लागलं.

पण केझी जोनसची पोरगी. बापाचा ओकचा पेटारा तिनं सुताराकडे नेला आणि फोडून त्याची नळी नि पंखा करायला लावला. सोमवारी काटेवाल्यांपैकी कुणी कामाला हात लावत नाही, सगळे गुत्त्यात असतात. त्याच सोमवारी तिनं एमॉसच्या दगडामागे पंखा बसवून घेतला.

तीन आठवडे तो पंखा फिरला. एमॉस कुरकुरला, पण बसला त्याच्यासमोर. तिसऱ्या आठवड्यात तो वर्षानंतर पहिल्यांदा आडवा होऊन झोपला. केझी नुसती त्याच्याकडे बघत बसली होती.

आणि चौथ्या आठवड्यात त्याच्या दगडाचा पट्टाच गायब. पट्टा नाही तर दगड फिरत नाही, दगड नाही तर भाकर नाही. घोडीवर चिठ्ठी: पंखा काढ, पट्टा मिळेल. खाली सही, मेरी ॲन. मेरी ॲन नावाची बाई कुठेच नव्हती. चारचौघांच्या विरुद्ध जो जाईल त्याला अशीच चिठ्ठी यायची, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

केझी टर्टनच्या दारात जाऊन तडातडा बोलली. "मुडद्या, पट्टा दे माझ्या नवऱ्याचा!"

"मी नाही नेला," टर्टन शांतपणे म्हणाला. "घोडी कुणाला हवीय? तुझ्या टेबलाशी बसून कोण जेवतंय दोन वर्षं? त्याला विचार."

तिचा सख्खा भाऊ. ल्यूथर.

ती घरी आली तेव्हा तो ओटची भाकर खात होता. तिच्याच हातची.

"तू नेलास?"

"हो," ल्यूथर म्हणाला. घास चावत. "दोन वर्षं थांबलोय केझी. मी लग्न कधी करू? तो पन्नाशीला पोचल्यावर?"

तिनं एमॉसकडे पाहिलं. तो शेगडीपाशी बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच.

"तुला माहीत होतं?"

"त्याला काय बोलायचं?" एमॉस म्हणाला. "काका मेला तेव्हा मी रडलो होतो का? मी धावत घोडी धरायला गेलो होतो."

दुसऱ्या दिवशी एमॉसनं स्वतःच्या हातानं पंखा उचकटला. पेटाऱ्याच्या फळ्या गुत्त्यातल्या शेगडीत गेल्या. पट्टा परत आला.

फेब्रुवारीत एमॉस मेला. टर्टननं पुरायला सोमवार ठरवला, कुणाचं काम बुडायला नको म्हणून. मंगळवारी सकाळी ल्यूथर घोडीवर होता. लाकूड एमॉसच्या मांड्यांनी घासून गुळगुळीत झालेलं. बसायला छान आहे, असं तो घरी येऊन म्हणालासुद्धा!

केझीनं त्याला घराबाहेर काढलं नाही. ती त्याला रांधून घालायची, त्याचे कपडे धुवायची, आणि दर शनिवारी त्याचा रुमाल उजेडात धरून बघायची.

पाचव्या वर्षी तो रुमाल राखाडी झाला. तोवर ल्यूथरचं लग्न ठरलं होतं. त्या संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला.

"केझी, त्या डॉक्टरचं ते चित्र... आहे का गं अजून?"

"आहे की."

फळीवरच्या पिठाच्या डब्याखालून तिनं ते काढलं. घडी उलगडून त्याला दाखवलं, नळी, पंखा, खिडकी, सगळं. त्यानं हात पुढे केला.

"सगळेच जगले तर खायचं काय रे?" केझी म्हणाली आणि कागद चुलीत घातला. तवा तापला होता. तिनं त्याच्यासाठी भाकर टाकली.