वाटणीत राहून गेलेली वायर

नवा स्मार्ट मीटर बसून महिनाही झाला नव्हता, तोच ठेकेदाराचा माणूस दारात येऊन भर आळीत म्हणाला, "ताई, तुमच्याकडं वीजचोरी हाय. मीटरनंच कळवलंय."

माझं डोकंच फिरलं. नवरा फौजेत, घरात मी एकटी. कोरेगावात नांदायला आल्यापासून कुणाच्या बांधावरची शेंगसुद्धा न विचारता तोडली नाही, आणि काल आलेला हा प्लास्टिकचा डबा मला चोर ठरवणार? त्यानं कागद पुढे करून सही मागितली. "हात तुटला तरी करायची न्हाई," मी म्हटलं.

जुन्या काळ्या मीटरचं बरं होतं. शंका आली की घरातलं सगळं बंद करायचं आणि चकती थांबते का ते बघायचं. मी तेच केलं. मेनचा फ्यूजच काढून हातात घेतला. तरी नव्या मीटरचा वीज मोजणारा लाल दिवा लुकलुकतच होता. तो माणूस हसला. मला मात्र भिंतीपलीकडची घरघंटी ऐकू येत होती.

पलीकडे माझी थोरली जाऊ राहते. वाटणीत आम्ही एका घराची दोन केली. शेत, गोठा, भांडी, देवसुद्धा वाटले, मीटर वेगळे घेतले. भिंतीतल्या वायरींकडे कुणीच पाहिलं नाही. वाटणीपासून आम्हा जावांचं बोलणं बंद होतं. तरी गेले. उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, "आक्का, दोन मिनिटं तुमचा मेन बंद करा." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता बटण खाली केलं.

परत येऊन बघते तर माझ्या मीटरचा दिवा थांबलेला.

आता त्या माणसाला बोलावंच लागलं. दोन्ही घरांची न्यूट्रल वायर अजून एकच होती. जावेच्या घंटीची वीज परत जाताना माझ्या मीटरमधून जात होती. जुना मीटर एकाच वायरीवर मोजायचा, नवा येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्हींवर नजर ठेवतो आणि मेळ बसला नाही की चोरी कळवतो. "वायर वेगळी करून घ्या," म्हणत तो गाडीकडे निघाला.

मी गाडीपुढे उभी राहिले. "चोरी म्हणताना समद्या आळीला ऐकवलंसा. आता हे बी तसंच सांगा."

"चोरी न्हाई," तो पुटपुटला.

शेजारच्या दारातून जाऊ म्हणाली, "आमाला न्हाई ऐकू आलं."