इंजिन ऐकण्यापुरती शांतता

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. माझा धाकटा भाऊ. डिंडोलीतल्या स्वतःच्या गॅरेजात, चालू इंजिनाच्या धुरात गुदमरून गेला. खरं सांगते, आधी रडू आलं नाही, संताप आला… आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही. भेटायला येणारे म्हणतात, "आवडीचं काम करता करता गेला हो." आग लागो त्या आवडीला!

त्याच्याकडे यायच्या त्या गाड्या आमच्या वडिलांच्या जन्माआधीच्या. शेठलोक हौसेनं बाळगायचे आणि चढावर धापा टाकू लागल्या की दिलीपकडे आणायचे. तंबोरा लावावा तसा तो कानानं इंजिन लावायचा. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन कार्बोरेटर असले, की दोन्हींची फुसफुस सारखी ऐकू येईपर्यंत स्क्रू पिळत बसायचा. मग ती म्हातारी अशी सुटायची, की मालक पेढे घेऊन यायचा.

पण भिंतीला भिंत लागून लूम्सचं खातं, कापड विणायचा कारखाना. दिवसभर खटाखट, खटाखट… म्हणून हा शहाणा शटर खाली ओढायचा आणि आत इंजिन चालू! किती भांडले मी. "अरे, धूर आहे तो, अगरबत्ती नाही!" तर घरच्या अहिराणीत मलाच दटावायचा, "ताई, शटर उघडं ठेवं ते माले इंजिन ऐकू येत नही." त्या दिवशीही तेच केलं. गाडीमालकाला जुन्या गाड्यांच्या फेरीची घाई होती. तिसऱ्याच दिवशी त्यानं दिलीपच्या बायकोला फोन करून विचारलं, काम कुठवर आलं होतं? मी फोन हिसकावला आणि जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

दहाव्याला गॅरेजात फोटो ठेवला. शेजारच्या खात्याच्या शेठनं दुखवटा म्हणून सकाळभर लूम्स बंद ठेवले. लोक त्याचं कौतुक करत होते. याच माणसाकडे दिलीप दिवाळीआधी माझ्यादेखत गेला होता, हात जोडून… इंजिन लावताना दहा मिनिटं लूम्स थांबवाल का, म्हणून. "मशीन बंद नी थाय, भाई," मशीन बंद होत नाही, एवढंच उत्तर मिळालं होतं. आता शटर पूर्ण वर होतं आणि गल्ली इतकी गप्प, की समोरच्या टपरीवरचा चहा उकळताना ऐकू येत होता. शेठ फोटोला नमस्कार करून माझ्यासमोर आला.

मी म्हटलं, "झाली ना मशीन बंद, शेठ?"